गळ्यात टेप असेपर्यंत

शेगडीची दोन्ही बटणं मुलाने उपसून पँटच्या खिशात घातली आणि ओट्यावर, चहापुरती, एक विजेची किटली आणून ठेवली. त्याच्या आईने ते सगळं दाराच्या चौकटीला टेकून पाहिलं. मग म्हणाली, "शिवणाच्या डबीत अजून मूठभर बटणं आहेत. तीही ने, खिसा भरल्यासारखा दिसेल."

मुलगा हसला नाही. तो घाबरलेला होता, आणि घाबरला की त्याचा आवाज कारखान्यातला व्हायचा. रंगांच्या कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी होता. भिंतींवर लाल अक्षरांच्या पाट्या लावायच्या, कुणाला न सांगता भोंगा वाजवायचा आणि माणसं किती लवकर बाहेर पडतात ते हातात घड्याळ धरून बघायचं, हे त्याचं काम. त्याची बायको घरात त्याला 'खबरदार' म्हणून हाक मारायची, आणि तो ओ द्यायचा.

खबरदारने आईला सांगितलं ते असं : आजपासून दोन्ही वेळचा डबा येईल. रविवारी तो सिलिंडर न्यायला येईल. त्यानंतर शिवणयंत्र विकायचं, आणि यंत्रामागोमाग आई त्याच्याकडे राहायला. मागची खोली रिकामीच आहे. इथे आईसोबत राहणाऱ्या आत्यालाही एक पलंग टाकता येईल. एवढं सगळं त्याने पाटी वाचून दाखवावी तसं एका दमात सांगितलं, आणि आईच्या तोंडाकडे न बघता जिना उतरून गेला.

आईला सगळी गल्ली टाचणी म्हणायची. जन्मभर तिने समोरच्या खोलीत, खिडकीपाशी मशीन चालवलं होतं. शाळांचे गणवेश, दुकानदारांचे शर्ट, नव्या बिऱ्हाडांचे पडदे. माप घेताना ती टाचण्या ओठांत धरायची आणि त्यांच्या फटीतूनच बोलायची, म्हणून बोलणं बारीक आणि टोकदार निघायचं. एका गलेलठ्ठ वकिलाने पोट आत ओढून माप दिलं तेव्हा तिने त्याला श्वास सोडायला सांगितलं होतं. कोट कोर्टात घालायचाय, फोटोत नाही. वकील शेवटपर्यंत तिच्याचकडे शिवत राहिला.

तिचं नाक गेलं ते थंडीतल्या तापात. ताप उतरला, खोकला गेला, वास काही माघारी आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, किंवा येणारही नाही. जिभेवर खारट, आंबट, गोड, कडू एवढ्या चार खुंट्या राहिल्या. त्यांवर टांगलेले कपडे कुणीतरी उचलून नेले. लसूण आणि साबण एका जातीचे झाले. नवरा गेल्यावरही त्याच्या उशीला कितीतरी दिवस त्याच्या केसांच्या तेलाचा वास यायचा, निदान तिला तरी यायचा. आता उशी नुसती मऊ होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

मुलाने तेव्हाच एक डबी आणून ओट्याखाली भिंतीत बसवली होती. गॅस गळला की ती ओरडणार. पण डबी जातीची भित्री निघाली. कांदा परतला की ओरडे, भांड्यावरचं झाकण काढलं की ओरडे, शेजारणीने केसांवर फवारा मारला तरी ओरडे. टाचणीने थोडे दिवस सोसलं. मग एका दुपारी उरल्यासुरल्या कापडाची, आत कापूस घालून, तिने डबीला टोपी शिवली. आणि शिवली तीही कशी. कडेला दुहेरी शिलाई, मागे इलॅस्टिक, डबीचा बारका दिवा दिसावा म्हणून पुढे एक काज. दुसऱ्या कुणी वैतागून प्लग उपसला असता तर निदान मुलाच्या लक्षात तरी आलं असतं. हिने टोपी शिवली, कारण तिच्या हाताला दुसरा उपाय सुचतच नसे. डबी गप्प झाली. सगळ्यांना बरं वाटलं.

मग तो दुधाचा दिवस. दूध शेगडीवर ठेवून टाचणी एका बाहीला दोन टाके घालायला म्हणून खिडकीपाशी बसली, आणि दोन टाके कधीच दोन नसतात. दूध उतू गेलं, जाळ विझला, गॅस येत राहिला. डबी टोपीच्या आत जीव तोडून ओरडली असेल किंवा तिच्यापर्यंत काही पोचलंही नसेल. मशीनच्या घरघरीत कोण ऐकतंय. टाचणीची नणंद बाजारातून येत होती, तिला जिन्यातच वास आला. ती धापा टाकत आत शिरली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, वहिनीला दंडाला धरून गॅलरीत नेऊन उभं केलं. आणि मग भाच्याला फोन केला.

हा फोनच टाचणीला झोंबला. जीव वाचवलात ते मान्य, पण चहाडी कशाला? त्या दिवसापासून ती नणंदेशी भांड्यांमार्फत बोलू लागली. झाकण आपटलं म्हणजे जेवायला या. वाटी आपटली म्हणजे पुरे, उठा. नणंद शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेली, जन्मभर पोरांचे बेसूर ऐकून कान थकलेले. तिला त्यातली निम्मी आपटाआपट ऐकूच येत नसे. त्यामुळे रुसणाऱ्याचा निम्मा रुसवा फुकट जायचा.

डबा येत होता. पहिल्या दिवशी भाजी होती, दुसऱ्या दिवशी तीच भाजी वेगळ्या रंगाची. आणि एका दुपारी आलं टोमॅटोचं सूप.

आता या घरात टोमॅटोचं सूप म्हणजे टाचणीची मिजास होती. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांमधून तिची टोमॅटोची झाडं होती. त्यांच्या पायाशी बेसिल, ती विलायती तुळस, आणि कठड्याच्या कडेला मरवा. बादल्या मुलानेच कारखान्यातून आणून दिलेल्या. टोमॅटो पिकून लाल झाले की सगळ्यांनी जमायचं आणि सूप प्यायचं, आणि नणंदेने म्हणायचं की गाळायला हवं होतं, आणि टाचणीने म्हणायचं की गाळायचं असेल तर टोमॅटो लागतात कशाला, लाल पाणी करा. वर्षानुवर्षं हे एकच भांडण. नवऱ्याच्या हयातीत तो दोघींच्या मधे बसून वाटी पुढे करायचा आणि म्हणायचा, तुमचं मिटेपर्यंत मी अजून एक घेतो.

डब्यातलं सूप तिने चमच्याने हलवलं. रंग प्लॅस्टिकच्या मगाचा. जिभेवर ठेवलं तर गोड खुंटी तेवढी हलली. समोर नणंदही मुकाट्याने पीत होती, आणि जन्मात पहिल्यांदा तिने गाळण्याबद्दल काही म्हटलं नाही. टाचणीला हे सगळ्यात वाईट वाटलं. म्हणजे हिने मान तुकवली. उद्या मागच्या खोलीत, पलंगाला पलंग लावून, दोघी असंच काहीतरी मुकाट पीत बसणार.

ती उठून गॅलरीत गेली. झाडं वाकली होती. खालच्या घोसातल्या दोनतीन टोमॅटोंना देठापाशी चिरा गेल्या होत्या. आणखी वाट पाहिली तर मुंग्यांचे होणार. ती बादलीपाशी उकिडवी बसली आणि पिवळी पानं खुडताना आपसूक गुणगुणली,

लाल झाल्या माझ्या लेकी, फांदीवर राहवेना
उन्हाने गं पिकविल्या, घराला त्या पाहवेना

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद दूध आणायला उतरली, आणि टाचणीने मशीनच्या खणातली पक्कड काढली. बटणं गेली तरी शेगडीच्या दांड्या जागेवर होत्या. पक्कडीने दांडी धरली, आधी काडी पेटवली, मग दांडी फिरवली. जाळ लागला, निळा, गोल, जसाच्या तसा. तिने वर पाण्याचं भांडं ठेवलं आणि शेजारी स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसली. नुसती ऐकत.

जाळाला आवाज असतो हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं असं नाही, पण त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. नाक असताना कानाला कोण विचारतो. आता तिने जाळ मोठा करून ऐकला, लहान करून ऐकला, फुंकर घालून विझवून ऐकला आणि लगेच बंद केला. पेटता जाळ भांड्याखाली घुमतो. विझला की घुमणं जातं आणि मागे नुसता श्वास उरतो, दारामागे कुणी उभं असल्यासारखा. रोज सकाळी ती हेच करत राहिली. नणंद यायच्या आत खिडक्या उघडून, पक्कड खणात, चेहरा कोरा.

आणि तिने एक नियम घातला. आजवर टेप गळ्यात म्हणजे बाई कामात आहे, शिवतेय, हाक मारू नका. दुधाच्या दिवशीही टेप गळ्यातच होता. तो मशीनचा टेप होता, शेगडीचं त्याला काय सोयरसुतक. आता शिवताना टेप मशीनच्या खुंटीला. गळ्यात टेप फक्त जाळापाशी. सिलिंडर बंद केल्याशिवाय टेप काढायचा नाही, आणि गळ्यात टेप असेपर्यंत स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, दारात राजा आला तरी.

रविवारी खबरदार आला तेव्हा त्याच्या हातात पान्यांची पिशवी होती आणि मागे बायको होती. जिन्यातच डबीचं ओरडणं ऐकून तो दोनदोन पायऱ्या चढला. आत टाचणी शेगडीपाशी उभी, गळ्यात टेप, ओट्यावर पक्कड, पातेल्यात कांदा आणि लसूण लोण्यावर मऊ होत आलेले. डबी उघड्या डोक्याने बोंबलत होती. टाचणी तिला समजावत होती की ओरड बाई, ओरड, तुझं कामच ते, कांदा झाला की थांबशील.

"आई," तो म्हणाला.

"सिलिंडर न्यायला आलास ना? ने. सूप झालं की ने."

त्याने पक्कडीकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला, मग तापला. तो बराच वेळ बोलत राहिला. दुधाच्या दिवशी काय होऊ शकलं असतं ते त्याने सांगितलं, कारखान्यात एकदा काय झालं होतं ते सांगितलं, टोपीवर तर त्याचा आवाज फाटलाच. मी तुझ्यासाठी डबी आणली आणि तू तिला अंगडंटोपडं शिवलंस? बायको दारात उभी राहून ओठ चावत होती, टोपीच्या उल्लेखाला तिला हसू आवरत नव्हतं. नणंद आतल्या खोलीतून आली आणि खुर्चीवर बसली, कुणाच्याच बाजूने नाही अशी.

टाचणी कांदा हलवत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "टोपी शिवली ती चूक माझी. ती मी काढलीय. बाही उलटी लागली तर मी बाही उसवते. शर्ट चुलीत घालत नाही."

"इथे शर्टाचा प्रश्न नाहीये, आई."

"माहितीये कशाचा आहे. माझं नाक गेलंय रे. घर नाही गेलं."

कांदा मऊ झाला होता. तिने खिडकी आणखी उघडली, तशी डबीही गप्प झाली.

मुलाने विचारलं, आणि मी आत्ताच सिलिंडर काढला तर? ती म्हणाली, तर मी हे अर्धं कच्चं पातेलं डोक्यावर घेऊन तुझ्या मागे खाली उतरेन. गल्ली बघेल. तुझ्या पाट्या वाचत नाहीत एवढं लोक ते वाचतील.

सुनेला हसू फुटलं. तिने खोकल्यासारखं केलं आणि बसायला जागा शोधली. खबरदारने एकदा पातेल्याकडे बघितलं. मग पिशवी खाली ठेवून म्हणाला की ठीक आहे, बघतो, पण मी माझ्या पद्धतीने बघणार.

"बघ ना. तिथे बस, सिलिंडरपाशी. पहारा दे." तिने स्टूल पायाने सरकवला. "आणि वन्सं, तुम्हाला एक सांगते. आज तुमचं नाक तुमच्यापाशी ठेवायचं. मला उसनं नको."

आठवड्यात पहिल्यांदा ती नणंदेशी थेट बोलली होती. नणंदेने मान हलवली. ऐकू आलं की नुसतीच हलवली, कळलं नाही.

टोमॅटो तिने आधीच चिरे पाडून, गरम पाण्यातून काढून सोलले होते. साली एका बशीत पडल्या होत्या, उसवलेल्या अस्तरासारख्या. आता ते टोमॅटो हाताने चुरडून पातेल्यात गेले, बियांसकट, आणि पातेलं एकदम थंड होऊन गप्प झालं. मरव्याच्या काड्या तिने सुती दोऱ्याने बांधल्या, पॉलिस्टरचा दोरा सूपात चालत नाही, आणि दोऱ्याचं टोक पातेल्याच्या कानाला बांधून जुडी आत सोडली. मरवा तिला बोटांनी ओळखता येत होता, पानाला फ्लॅनेलची बारीक लव. बेसिल म्हणजे साटीन, जरा दाबलं की काळं पडणारं, म्हणून ते सुरीने कापायचं नाही आणि अगदी शेवटी घालायचं. तिने पाणी घातलं नाही. टोमॅटोला त्याचं त्याचं पाणी सुटेपर्यंत थांबायचं, असं ती म्हणायची. दुसऱ्याचं पाणी मिसळलं की तो आळशी होतो.

हळूहळू पातेलं बोलायला लागलं. आधी कडेने तुरळक, मग मधून, मग सगळीकडून. पातळ होतं तोवर आवाज वरच्या पट्टीतला, दाटत गेलं तसा खाली उतरला. टाचणी दर थोड्या वेळाने पळी बुडवून जिभेला लावत होती. आंबट जास्त होतं. तिने किसलेलं गाजर टाकलं, साखर नाही. मीठ टाकलं, चाखलं, आणखी टाकलं. या बाबतीत तिला कुणाला विचारायची गरज नव्हती, खुंट्या चारही शाबूत होत्या. सून म्हणाली की आई, वास काय सुटलाय, आणि लगेच तिने जीभ चावली. टाचणी म्हणाली, बोल की, त्यात काय. नाक मला नाही, टोमॅटोला वास आहे.

मग ती बेसिल घेऊन खिडकीजवळच्या फळीकडे वळली. शेगडीकडे तिची पाठ झाली. ती एकेक पान खुडून बोटांनी फाडू लागली.

खबरदारने खिशातलं घड्याळ हातात घेऊन बघितलं. कारखान्यात भोंगा वाजवण्याआधी बघायचा तसं. त्याचा उजवा हात सिलिंडरच्या डोक्यावर गेला आणि त्याने सिलिंडर बंद केला. पातेल्याखालचा जाळ आक्रसला, विझला. त्याने सिलिंडर पुन्हा उघडला.

सुनेने ते पाहिलं आणि ती अर्धवट उठली. त्याने ओठांवर बोट ठेवलं. नणंदेनेही पाहिलं होतं. तिच्या नाकपुड्या हलल्या, वास अजून धड सुटलाही नव्हता तोवर तिच्यापर्यंत पोचला होता. तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट धरले. वहिनीने सांगितलं होतं, उसनं नको. मान राखायचा की जीव, एवढाच हिशेब होता आणि तो काही फार अवघड नव्हता. तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात टाचणीची बोटं थांबली.

पातेलं अजून बोलत होतं, आतल्या उष्णतेवर. पण त्याच्या खालचं घुमणं नव्हतं. तिने मान तिरकी केली. हातातलं पान खाली ठेवलं. वळली, दोन पावलांत शेगडीपाशी आली, पक्कडीने दांडी फिरवून बंद केली, आणि वाकून सिलिंडरवर हात नेला. तिथे मुलाचा हात होता. तिने तो बाजूला सारला नाही. त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांच्या हातांनी मिळून सिलिंडर बंद केला.

मग खिडकीचं दुसरं दार उघडलं, गॅलरीचं दार उघडलं, आणि पदराने वारा घालत उभी राहिली.

आणि आता कुठे डबी ओरडली. सून दचकली, खबरदार दचकला, घड्याळ त्याच्या हातातून निसटून मांडीवर पडलं. एकटी नणंद हलली नाही. तिला डबी ऐकू येत नव्हती. टाचणी डबीकडे वाकून म्हणाली, "उशीर झाला बाई तुला."

मुलगा काही म्हणायला गेला. तिने हात वर केला.

"मलाही उशीरच झाला. जरासा. तुझ्या नाकालाही जरा वेळ लागलाच असता." तिचा आवाज चढला नव्हता. "पण तुला मी पहाऱ्याला बसवलं होतं. तू कारखान्यात भोंगा वाजवतोस तेव्हा आतल्या माणसांवर गॅस सोडतोस का?"

त्याने मांडीवरचं घड्याळ उचलून खिशात टाकलं. मग म्हणाला, "मी हात तिथेच ठेवला होता, आई. एक क्षण जास्त झाला असता तर मीच—"

"माहितीये. म्हणून तर हात धरला. नाहीतर पक्कड होती."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, आणि झोप लागली तर? मशीनवर बसलीस तर? फोन आला, कुणी दारात आलं तर? हे विचारताना मात्र त्याचा आवाज कारखान्यातला नव्हता. तिने गळ्यातला टेप दोन बोटांनी उचलून दाखवला आणि नियम सांगितला. कधी घालायचा, कधी काढायचा, उंबरा कुठे. झोपताना तो गळ्याला काचतो, म्हणाली, मी करून बघितलंय. तो ऐकत राहिला. पाटीवर लिहिता येईल असं ते होतं, पण त्याने तसं म्हटलं नाही.

डबी गप्प होईपर्यंत तिने काडी पेटवली नाही. हे त्याने पाहिलं. तिलाही माहीत होतं की तो पाहतोय, आणि तिने मुद्दामच डबीसमोर हाताची घडी घालून वाट बघितली, उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकाची बघावी तशी. मग काडी, मग दांडी, मग जाळ. पातेलं पुन्हा बोलतं झालं. तिने दोरा ओढून मरव्याची जुडी बाहेर काढली, फाडलेलं बेसिल वरून सोडलं, जाळ बंद केला, सिलिंडर बंद केला, आणि मग गळ्यातला टेप काढून खुंटीला लावला.

पातेलं भाजत होतं. तिने खणातून ती कापसाची टोपी काढली, तीत पातेल्याचा कान धरला आणि पातेलं टेबलावर आणलं. सुनेला आता हसू आवरायचं कारणच राहिलं नाही. हातालाही अगदी मापात बसते, ती म्हणाली, आणि आपल्यासाठी एक जोडी मागून घेतली.

वाट्या मांडल्या. सुनेची भरली, नणंदेची भरली, स्वतःची भरली. मुलाची वाटी पालथी होती आणि पालथीच राहिली. त्याने ती उलथायला हात पुढे केला तर तिने पळी मधे धरली.

त्याने खिशात हात घातला. बटणं इतके दिवस तिथेच होती. किल्ल्यांवर घासून त्यांच्या कडेचा रंग उडाला होता. त्याने ती टेबलावर ठेवली.

"मला कशाला देतोस? काढली कुणी?"

तो उठला, शेगडीपाशी गेला आणि दोन्ही बटणं दांड्यांवर बसवली. एक जरा सैल होतं. त्याने खिशातला कागद घडी करून त्यात पाचर मारली, फिरवून बघितलं, पुन्हा फिरवून बघितलं, त्याच्या पद्धतीने. पान्यांची पिशवी दाराशी नेऊन ठेवली. परत येऊन बसला तेव्हा वाटी सुलटी होती आणि काठोकाठ भरलेली. वर बेसिलचं एक पान तरंगत होतं.

टाचणीने पहिला घोट घेतला. गरम, आंबट, खारट, तळाशी गाजराची जराशी गोडी. एवढंच. बाकीचे तिघे जे पीत होते ते तिच्या वाटीत नव्हतं. तिने चमचा खाली ठेवला नाही, पण दुसरा घोट घेतला नाही.

नणंद तिच्याकडे बघत होती. "वहिनी," ती म्हणाली, "मी तोंड उघडलं होतं. तू सांगितलं होतंस तरी उघडलं होतं. पुढच्या वेळीही उघडेन. रागाव हवं तर."

टाचणीने चमचा वाटीत फिरवला.

"आणि गेले काही दिवस, दूध घेऊन वर आले की रोज मला काडीचा वास यायचा. खिडक्या उघडल्यास तरी यायचा. केला का मी कुणाला फोन?"

खबरदारने वाटीवरून मान वर केली. सुनेने त्याच्या पायावर पाय ठेवला आणि त्याने मान पुन्हा खाली घातली.

टाचणीने नणंदेकडे पाहिलं. मग आपली वाटी तिच्याकडे सरकवून, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "सांगा."

"काय सांगू?"

"कसा येतोय ते."

नणंदेने वाटी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. शाळेत पोरांना सूर ओळखायला लावायची तशी तिची मान एका बाजूला झुकली. "मरवा आधी येतोय," ती म्हणाली. "लांबून. जिन्यात पाहुण्याचा आवाज यावा तसा. मग टोमॅटो, उन्हात तापलेल्या भिंतीसारखा, हात लावला की गरम. आणि बेसिल..." ती थांबली. "बेसिल सगळ्यांच्या मागून येतंय. चपला हातात घेऊन उशिरा घरात शिरणाऱ्या पोरीसारखं."

"आणि लसूण?"

"लसूण तुझ्यासारखा. सगळ्यांच्या आधी बोलतो आणि सगळे गेले तरी बसून असतो."

टाचणीने वाटी परत घेतली आणि दुसरा घोट घेतला. मग तिसरा. मुलाने रिकामी वाटी पुढे केली, त्याचे वडील करायचे तशी. ती भरताना तिने पळी जरा जास्तच खोल बुडवली.

नणंदेने चमच्यावर आलेली एक बी जिभेच्या टोकाने बाजूला काढून बशीच्या कडेला ठेवली. "तरी गाळायला हवं होतं," ती म्हणाली.

"लाल पाणी हवं असेल तर डबा सुरू आहे अजून," टाचणी म्हणाली. "सांगू का त्यांना, एकीचाच पाठवा म्हणून?"